किरण की धूळ? रेडिएशन समजून घेताना

एक्स-रे काढून बाहेर आलेला माणूस बरेचदा दबक्या आवाजात विचारतो, "आता हे रेडिएशन अंगात किती दिवस राहणार?" घरी तान्हं मूल असतं, बायको गरोदर असते, आपण जवळ गेलो तर त्यांना बाधा होईल का, अशी धास्ती त्या प्रश्नामागे असते. उत्तर सरळ आहे: एक क्षणभरही राहत नाही. दिवा मालवल्यावर उजेड भिंतींत साठून राहत नाही, तसंच हे. यंत्राचं बटण सुटलं की क्ष-किरण संपले. घरी जाऊन बाळाला खुशाल उचलून घ्यावं.

पण हाच प्रश्न थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या रुग्णाने विचारला, तर उत्तर एकदम बदलतं. त्याच्या अंगात तो पदार्थच गेलेला असतो. काही दिवस त्याच्या शरीरातून किरण बाहेर पडत राहतात, आणि लहान मुलं व गरोदर स्त्रियांपासून लांब राहा, असं त्याला डॉक्टर आवर्जून बजावतात.

एकाच शब्दाने आपण दोन वेगळ्या गोष्टींना हाक मारतो, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. एक म्हणजे किरण: येतो, अंगातून जातो, संपतो. दुसरी म्हणजे किरण सोडणारा पदार्थ. त्याला मी सोयीसाठी धूळ म्हणतो. धूळ अंगाला चिकटते, श्वासातून आत जाते, हाडात जाऊन बसते आणि तिथून दिवसचे दिवस किरण सोडत राहते. रेडिएशनची कुठलीही बातमी वाचताना मी आधी हेच पाहतो की प्रकरण किरणांचं आहे की धुळीचं. लगेच दुसरा प्रश्न येतो: किती? हे दोन प्रश्न विचारले की बरीचशी भीती योग्य जागी जाऊन बसते. कधी ती कमी होते, आणि कधी जिथे अजिबात नव्हती तिथे नव्याने वाटू लागते.

किरण म्हणजे नेमकं काय

काही अणूंचं केंद्र अस्थिर असतं. ते आपोआप फुटतं किंवा बदलतं आणि त्या वेळी ऊर्जा बाहेर फेकतं. बाहेर पडणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन. अल्फा कण जड आणि दांडगा असतो, पण हवेत काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. साधा कागद त्याला अडवतो, आपल्या त्वचेवरचा मृत पेशींचा पापुद्राही अडवतो. बीटा कण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, तो शरीरात काही मिलिमीटर शिरतो. गॅमा किरण प्रकाशाच्याच जातीचे, पण भयंकर ऊर्जेचे, ते शरीरातून आरपार जातात. त्यांना रोखायला शिसं किंवा जाड काँक्रीट लागतं. क्ष-किरण त्यांचेच भाऊबंद, फक्त अणुकेंद्राऐवजी यंत्रातून निघालेले.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. वाटेत येणाऱ्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ताकद त्यांच्यात असते. पेशीतल्या डीएनएवर असा घाव बसला तर तो बहुतेक वेळा दुरुस्त होतो, कधी पेशी मरते, आणि क्वचित चुकीची दुरुस्ती होऊन पुढे कित्येक वर्षांनी कर्करोगाची सुरुवात होऊ शकते. मोबाईल, वायफाय, टॉवर यांच्या लहरींत इलेक्ट्रॉन उडवण्याची ही ताकद नसते. त्यांनाही रेडिएशनच म्हणतात, म्हणून त्यांची सरमिसळ होते. पण या लेखातल्या हिशोबात त्यांचा आकडा येत नाही.

मोजमापाची दोन नावं लक्षात ठेवली की पुढचं सोपं जातं. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. पदार्थ किती जोरात किरण सोडतो आहे, ते यातून कळतं. सिव्हर्ट म्हणजे त्या किरणांनी शरीराला किती इजा पोचू शकते त्याचं माप. आकाशातून पाऊस किती पडला हे एक, आणि आपण किती भिजलो हे दुसरं, तसं हे. सिव्हर्ट फार मोठं एकक आहे. रोजच्या व्यवहारात त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसिव्हर्ट वापरतात. अल्फा कण एवढ्याशा जागेत सगळी ऊर्जा ओततो, म्हणून तेवढ्याच ऊर्जेच्या गॅमा किरणांपेक्षा त्याची इजा २० पट धरली जाते. जो अल्फा बाहेरून कागदानेही अडतो, तोच शरीराच्या आत सगळ्यांत वाईट. धुळीचा मुद्दा मी धरून बसलो आहे तो यासाठीच.

आता हिशोब. संयुक्त राष्ट्रांची एक वैज्ञानिक समिती १९५५ पासून जगभरच्या रेडिएशनचं मोजमाप गोळा करते. तिच्या आकडेवारीनुसार पृथ्वीवरच्या सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतं. वैद्यकीय तपासण्यांतून आणखी साधारण ०.६. अणुचाचण्यांचे अवशेष, चेर्नोबिलचा अणुअपघात, अणुवीज केंद्रं, हे सगळं मिळून ०.०१ च्याही आत. ज्या गोष्टींचं नाव काढलं की आपल्या पोटात गोळा येतो, त्या या यादीत अगदी तळाला आहेत. यादीत सगळ्यांत वर काय आहे, ते मात्र बहुतेकांना ठाऊकच नसतं.

रोज वाजणारं यंत्र

डिसेंबर १९८४. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक इथे नवं अणुवीज केंद्र उभं राहत होतं. काम संपवून बाहेर पडताना कुणाच्या अंगावर किरणोत्सारी धूळ चिकटली आहे का, हे तपासणारी यंत्रं दारापाशी बसवली होती. तिथल्या एका अभियंत्याच्या बाबतीत हे यंत्र रोज वाजू लागलं. केंद्रात अजून वीजनिर्मिती सुरूच झाली नव्हती, मग एवढी धूळ आली कुठून, कुणालाच उमगेना. शेवटी एका सकाळी तो कामावर आला आणि आत काही शिवायच्या आधी सरळ त्या यंत्रातून गेला. यंत्र वाजलं.

धूळ तो घरून घेऊन येत होता.

त्याच्या घरातली हवा तपासली तेव्हा एका घनमीटरमध्ये सुमारे १ लाख बेकरेल रेडॉन हा किरणोत्सारी वायू आढळला. जागतिक आरोग्य संघटना घरातल्या रेडॉनसाठी १०० बेकरेलची पातळी सुचवते, आणि जिथे तेवढं शक्य नाही तिथेही ३०० च्या वर जाऊ नये म्हणते. म्हणजे त्या घरात हजारपट रेडॉन होता. कुटुंबाला घर सोडावं लागलं. घराखालचा वायू ओढून बाहेर टाकायची सोय झाली, त्यानंतर काही महिन्यांनी ते परत राहायला आले. घरातला रेडॉन हा साऱ्या समाजाच्या आरोग्याचा प्रश्न आहे, याची जाणीव या घटनेनंतर झपाट्याने पसरली.

रेडॉन येतो जमिनीतून. दगडमातीत सगळीकडे थोडंफार युरेनियम असतं, ग्रॅनाइटसारख्या खडकात जरा जास्त. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, साडेचार अब्ज वर्षांचं, पृथ्वीच्या वयाएवढं. पृथ्वी जन्मली तेव्हाचं निम्मं युरेनियम अजून शिल्लक आहे. ते हळूहळू बदलत रेडियम होतं, आणि रेडियमपासून रेडॉन. या साखळीतले बाकी सगळे दुवे घन पदार्थ आहेत, ते मातीतच अडकून पडतात. रेडॉन तेवढा वायू, म्हणून तोच निसटतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

उघड्यावर तो हवेत विरून जातो. घनमीटरला ५ ते १५ बेकरेल, त्याची काळजी नाही. घरात मात्र गोष्ट वेगळी. आतली उबदार हवा वर सरकते आणि तळाशी हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो. त्या ओढीने घर आपल्या खालच्या जमिनीतली हवा शोषून घेत राहतं. फरशीची भेग, नळ आत येतो तिथली फट, भिंत आणि पाया यांच्यातला सांधा, एवढी वाट पुरते. तळघरं आणि तळमजले जास्त भरतात, वरचे मजले कमी. दारं-खिडक्या बंद असल्या की प्रमाण वाढतं, त्यामुळे थंड प्रदेशांत आणि रात्रीच्या वेळी ते जास्त असतं.

आता तो श्वासातून आत जातो तेव्हा काय होतं ते जवळून पाहू. रेडॉन स्वतः निष्क्रिय वायू आहे, कशाशी जोडला जात नाही. बहुतांश रेडॉन आत जातो तसाच बाहेर येतो. खरा त्रास देतात त्याची अपत्यं. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस. तो फुटला की पोलोनियम तयार होतं, आणि ते वायू नसून धातू आहे. हवेतल्या धुळीच्या कणावर ते बसतं, कण श्वासनळीच्या ओल्या अस्तराला चिकटतो. श्वासमार्गाची आपली साफसफाईची यंत्रणा हळू चालते, चिकटलेला कण वर ढकलून बाहेर काढायला तिला तास तास लागतात. पोलोनियमचं अर्धायुष्य जेमतेम ३ मिनिटं. कण बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी ते तिथेच फुटतं आणि अल्फा कण सोडतं. मग पुढची अपत्यं, आणखी एक अल्फा. त्वचेवर असतो तसा मृत पेशींचा पापुद्रा इथे नाही. समोर थेट जिवंत पेशी.

निसर्गातून मिळणाऱ्या २.४ मिलिसिव्हर्टपैकी निम्म्याहून जास्त वाटा या एकट्या रेडॉन घराण्याचा आहे. धूम्रपानाखालोखाल फुफ्फुसाच्या कर्करोगाचं ते प्रमुख कारण मानलं जातं. त्या त्या देशातल्या रेडॉनच्या प्रमाणानुसार फुफ्फुसाच्या कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सिगारेट ओढणाऱ्यांना रेडॉनचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे २५ पट. तंबाखूच्या पानात स्वतःचं पोलोनियम असतं ते वेगळंच.

आणि तरीही यावर उपाय आहे, तोही अवघड नाही. छोट्या डबीएवढा शोधक दोन-तीन महिने खोलीत ठेवून प्रमाण मोजता येतं. जास्त निघालं तर भेगा बुजवायच्या, हवा खेळती करायची, आणि फारच असेल तर जमिनीखालून पाइप घालून पंख्याने तिथला वायू छपराच्या वर सोडून द्यायचा. इतका साधा उपाय असताना याबद्दल इतकं कमी बोललं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुठल्याही कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही, कुणाविरुद्ध मोर्चा काढता येत नाही, म्हणून असेल कदाचित.

आकाश, माती आणि आपण स्वतः

१९१२ साली व्हिक्टर हेस नावाचा शास्त्रज्ञ उपकरणं घेऊन फुग्यातून ५ किलोमीटरच्या वर गेला. सगळं रेडिएशन जमिनीतून येत असेल तर वर जाताना ते कमी व्हायला हवं, असा तेव्हाचा समज. प्रत्यक्षात ठरावीक उंचीनंतर ते वाढत गेलं. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा शोध लागला तो असा, आणि १९३६ मध्ये हेसला त्याबद्दल नोबेल मिळालं. डोक्यावरचं वातावरण ही आपली ढाल आहे. ती जितकी पातळ, तितके किरण जास्त. समुद्रसपाटीला विश्वकिरणांचे वर्षाला ०.३ मिलिसिव्हर्ट मिळतात, तर बोलिव्हियातल्या ३,९०० मीटर उंचीवरच्या ला पाझ शहरात सुमारे २. लांब पल्ल्याच्या विमानात तासाला ०.००३ ते ०.००५. एखाद्या प्रवासाला हे काहीच नाही, पण वैमानिक आणि हवाई कर्मचारी वर्षाला साधारण २ ते ५ मिलिसिव्हर्ट घेतात, अणुवीज केंद्रातल्या बहुतेक कामगारांपेक्षा जास्त. अंतराळ स्थानकात हाच आकडा दिवसाला अर्ध्या मिलिसिव्हर्टच्या आसपास जातो.

माती जागोजागी वेगळी. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे, त्यात थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य भरपूर. तिथे काही वस्त्यांत जमिनीतून येणारे किरण जागतिक सरासरीच्या कित्येक पट आहेत, आणि पिढ्यान् पिढ्या माणसं तिथे राहत आली आहेत. सुमारे ७० हजार रहिवाशांवर दहा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवून २००९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्त रेडिएशनमुळे कर्करोग वाढल्याचं त्यात आढळलं नाही. इराणमधलं रामसर, ब्राझीलमधलं ग्वारापारी, चीनमधलं यांगजियांग ही अशीच ठिकाणं. यावरून रेडिएशन निरुपद्रवी आहे असा निष्कर्ष काढणारे भेटतात, तो मला मान्य नाही. दिसला नाही इतका धोका लहान आहे, एवढंच अशा अभ्यासातून सांगता येतं.

आणि आपण स्वतः. शरीर चालायला पोटॅशियम लागतं, मज्जातंतू आणि स्नायू त्यावरच चालतात. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत एक किंचित जास्त अणू किरणोत्सारी असतो. प्रौढ माणसाच्या अंगात त्यामुळे सेकंदाला सुमारे ४,४०० अणू फुटत असतात. त्यात कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बनची, ३ हजारांच्या वर भर. जन्माच्या आधीपासून ते अखेरपर्यंत हे चालू. केळ्यात पोटॅशियम असतं म्हणून एका केळ्यातून एवढं रेडिएशन मिळतं, असा हिशोब नेहमी सांगितला जातो. पण शरीर पोटॅशियमची पातळी कायम ठेवतं, जास्तीचं बाहेर टाकतं. त्यामुळे केळी खाऊन अंगातलं रेडिएशन वाढत जात नाही.

माणसाने उडवलेली धूळ

१९४५ ते १९८० या काळात वातावरणात ५०० हून अधिक अणुचाचण्या झाल्या. त्यांची राख सगळ्या पृथ्वीवर पसरली. १९६३ साली या चाचण्यांमुळे सरासरी माणसाला मिळणारा डोस शिखरावर होता, ०.११ मिलिसिव्हर्ट. त्याच वर्षी अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वातावरणातल्या चाचण्या थांबवण्याचा करार केला, आणि आज तो आकडा ०.००५ वर आला आहे. सगळ्या जगाने मिळून धूळ खाली बसू दिली, याचं हे एक खरंखुरं उदाहरण.

नीट चालणाऱ्या अणुवीज केंद्रातून शेजाऱ्यांना मिळणारा डोस इतका कमी असतो की नैसर्गिक चढउतारात तो वेगळा काढणंही कठीण. कोळशातही युरेनियम आणि थोरियम असतं. जगभरात वर्षभर वीज तयार करताना लोकांना मिळणारं एकूण रेडिएशन मोजलं, तेव्हा कोळशाचा वाटा अणुविजेपेक्षा मोठा निघाला. दोन्हीही फार लहान आहेत, हेही लगेच सांगायला हवं.

अपघातांची गोष्ट निराळी. २६ एप्रिल १९८६ ला सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. १३४ कर्मचारी आणि अग्निशामक तीव्र किरणबाधेने आजारी पडले, त्यातले २८ पहिल्या काही महिन्यांत गेले. आसपासच्या लोकांसाठी सगळ्यांत घातक ठरलं आयोडीन-१३१, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन. ते गवतावर पडलं, गवत गायींनी खाल्लं, दूध मुलं प्यायली. शरीर आयोडीन थायरॉइड ग्रंथीत साठवतं, आणि मुलांची ग्रंथी इवलीशी, त्यामुळे तिच्या वाट्याला आलेला डोस मोठा. बेलारूस, युक्रेन आणि रशियात त्या वेळच्या मुलांमध्ये पुढच्या वीस वर्षांत थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण निघाले. त्यातल्या मोठ्या भागाचं कारण ते दूध. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस आहे. दोन-तीन महिने ते दूध प्यायला दिलं नसतं तर यातल्या बऱ्याच मुलांचा हा कर्करोग टळला असता. शेजारच्या पोलंडने तीन दिवसांत साधं आयोडीन वाटायला घेतलं आणि १ कोटीहून अधिक मुलांना दिलं. थायरॉइड आधीच भरलेली असली की किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही.

फुकुशिमात २०११ साली उलटं घडलं. विस्थापित रहिवाशांना पहिल्या वर्षात मिळालेला डोस १० मिलिसिव्हर्टपेक्षा कमी होता, म्हणजे पोटाच्या एका सीटी स्कॅनच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण घाईघाईने गावं रिकामी करताना अंथरुणाला खिळलेले वृद्ध रुग्ण बसमध्ये घालून तासन् तास हलवले गेले. स्थलांतराची दगदग, उपचारात पडलेला खंड आणि मनाचा खचलेपणा यांनी पुढच्या वर्षांत २,००० हून अधिक माणसं गेली. हलवणं चूक होतं, असं इथे बसून म्हणणं सोपं आहे. मला तसं म्हणायचं नाही. डोसाचा आकडा निर्णय घेणाऱ्याच्या हातात वेळेवर हवा, एवढं मात्र यातून दिसतं.

पण धूळ म्हणजे काय हे ज्याला खरंच समजून घ्यायचं आहे, त्याने गोयानियाची हकीगत ऐकावी. ब्राझीलमधल्या या शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी एका बंद पडलेल्या दवाखान्यातून कर्करोगाच्या उपचाराचं जुनं यंत्र उचललं आणि भंगारवाल्याला विकलं. यंत्रात सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाची भुकटी होती, शंभर ग्रॅमच्या आत. डबी फोडलेली होती. रात्री भंगारवाल्याला त्यातून निळसर प्रकाश येताना दिसला. काहीतरी मौल्यवान असणार असं वाटून त्याने ती घरात आणली. पाहुणे बघायला येऊ लागले, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे भेट म्हणून वाटले गेले, कुणी ती चमक अंगाला चोळली. सहा वर्षांची एक मुलगी त्या भुकटीशी खेळली आणि तशाच हातांनी जेवली.

घरातले एकेक जण उलट्या करू लागले. सगळ्यांचं आजारपण त्या चमकत्या वस्तूशी जोडलेलं आहे, हे ओळखलं भंगारवाल्याच्या बायकोने. उरलेली वस्तू पिशवीत घालून ती बसने आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेली. तिथून उलगडा झाला. १ लाखाहून जास्त लोकांना तपासावं लागलं, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडलं, चार जण दगावले. त्या चारांत ती छोटी मुलगी होती, आणि जिच्यामुळे कितीतरी माणसं वाचली ती बाईही होती.

हीच भुकटी यंत्राच्या आत बंद होती तेव्हा वर्षानुवर्षं रुग्ण बरे करत होती.

आकडा किती झाला की घाबरायचं

एका झटक्यात सगळ्या शरीरावर ४,००० ते ५,००० मिलिसिव्हर्ट आले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. १,००० च्या पुढे मळमळ, उलट्या, रक्तपेशींची घसरण असा त्रास दिसू लागतो. त्याच्या खाली लगेच काही जाणवत नाही, प्रश्न उरतो तो पुढे होऊ शकणाऱ्या कर्करोगाचा.

याबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांनी दिलेलं आहे. १९५० पासून १ लाख २० हजार माणसांच्या आयुष्याची नोंद ठेवली जाते आहे. १०० मिलिसिव्हर्टच्या वर डोस जसा वाढतो तसा कर्करोग वाढताना त्यात स्पष्ट दिसतो. त्याच्या खाली परिणाम असला तरी तो इतका बारीक की बाकीच्या कारणांच्या गर्दीत हरवतो. म्हणून सुरक्षिततेचे नियम करताना सावध गृहीतक धरतात: धोका शून्यापासूनच डोसाच्या प्रमाणात वाढतो, दर १,००० मिलिसिव्हर्टला प्राणघातक कर्करोगाची शक्यता साधारण ५ टक्क्यांनी. त्याच हिशोबाने सामान्य माणसासाठी निसर्ग आणि वैद्यकीय उपचार सोडून वर्षाला १ मिलिसिव्हर्टची, आणि किरणांशी काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० ची मर्यादा ठरवली आहे.

समजा १० हजार माणसांचा प्रत्येकी १० मिलिसिव्हर्टचा सीटी स्कॅन झाला. या गृहीतकानुसार त्यातून ५ जादा मृत्यू संभवतात. जगात दर पाच माणसांत एकाला आयुष्यात केव्हातरी कर्करोग होतो, म्हणजे याच १० हजारांत २ हजारांना तो स्कॅन न करताही होणार आहे. पाच हा आकडा लहान आहे, पण तो शून्य नाही. स्कॅनमुळे फुटलेलं अपेंडिक्स किंवा मेंदूतला रक्तस्राव सापडणार असेल, तर या धोक्याकडे पाहत बसू नये. "एकदा काढूनच टाकू" म्हणून होणाऱ्या स्कॅनच्या बाबतीत मात्र तो नक्की मोजावा.

माणसाने तयार केलेल्या रेडिएशनपैकी जवळजवळ सगळं वैद्यकीय आहे, आणि त्यात तपासणी-तपासणीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दाताचा एक्स-रे ०.००५ मिलिसिव्हर्ट, निसर्ग एका दिवसात देतो त्याहून कमी. छातीचा एक्स-रे ०.१ च्या आत, म्हणजे फार तर पंधरवड्याचं नैसर्गिक रेडिएशन. डोक्याचा सीटी सुमारे २. छातीचा ७ च्या आसपास, पोटाचा ८ ते १०, म्हणजे तीन-चार वर्षांचा नैसर्गिक वाटा काही सेकंदांत. एमआरआय आणि सोनोग्राफीत असे किरण मुळीच नसतात. एमआरआयचं यंत्र सीटीसारखंच दिसतं म्हणून लोक दोन्हींना सारखंच घाबरतात. पण एमआरआय चुंबकावर चालतो आणि सोनोग्राफी ध्वनीवर.

लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपावं लागतं, कारण त्यांच्या पेशी भराभर वाढत असतात आणि पुढे आयुष्य लांब असतं. ब्रिटनमधल्या २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासातला अंदाज असा: दहा वर्षांखालच्या मुलांच्या डोक्याचे १० हजार सीटी काढले, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक रुग्ण जास्तीचा. डोक्याला जबर मार लागलेल्या मुलाचा सीटी यासाठी टाळू नये. किरकोळ टेंगूळ आलं असेल आणि डॉक्टर "थोडा वेळ लक्ष ठेवू" म्हणाले, तर मात्र स्कॅनचा हट्टही धरू नये.

सीटी लिहून दिला की डॉक्टरांना निर्धास्तपणे विचारावं: याने उपचारात काय बदल होईल? सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का? गरोदर असण्याची शक्यता असेल तर ती न लाजता आधीच सांगावी. मुलाचा स्कॅन असेल तर यंत्र लहान मुलाच्या मापाला लावलं आहे ना, याची तंत्रज्ञाकडे चौकशी करावी. चांगला तंत्रज्ञ याचा राग मानत नाही. आणि दवाखाना बदलताना जुन्या स्कॅनच्या फिल्म आणि सीडी बरोबर न्याव्यात, कारण कितीतरी सीटी केवळ आधीचा हाताशी नाही म्हणून पुन्हा काढले जातात.